दारू, अपघात आणि विमा : खिशातून नेमकं किती जातं?

दारू पिऊन गाडी चालवताना अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी विमा कंपनीकडून एक रुपयाही मिळत नाही. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असो, वर घसारा न कापणारं झिरो डेप घेतलेलं असो, आजवर एकही क्लेम केलेला नसो, काही फरक पडत नाही. शोरूममध्ये किल्ली हातात देताना ‘फुल इन्शुरन्स आहे, काळजी करू नका’ असं सांगतात, तेव्हा एवढं एक वाक्य मात्र कुणी सांगत नाही.

आणि गाडीची दुरुस्ती हा यातला स्वस्त भाग आहे. रस्त्यावरचा दुसरा माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला, तर त्याच्या घरच्यांना कंपनी भरपाई देते, पण ती रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करून घेऊ शकते. हे आकडे काही हजारांत नसतात, पन्नास-साठ लाखांपर्यंत सहज जातात. त्यामुळे ज्याच्या नावावर गाडी आहे, ज्याचा मुलगा, भाऊ, मित्र किंवा पगारी ड्रायव्हर ती चालवतो, त्या प्रत्येकाने हा हिशेब समजून घ्यायला हवा. अशा अपघातात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्यांच्यासाठीही यात काही कामाचं आहे. ‘ड्रायव्हर प्यायलेला होता, आता तुम्हाला विम्याचं काही मिळायचं नाही’ असं सांगून कित्येकांना पहिल्या दिवशीच गप्प बसवलं जातं. ते खरं नाही.

पॉलिसीत हे कुठे लिहिलेलं असतं

खासगी गाडीच्या पॉलिसीचे ढोबळ तीन भाग असतात. पहिला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला सगळे ‘ओडी’ म्हणतात. दुसरा त्रयस्थ व्यक्तीबद्दलच्या जबाबदारीचा, म्हणजे थर्ड पार्टी. तिसरा मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचा, ज्यात मालक स्वतः गाडी चालवताना दगावला तर वारसांना १५ लाख रुपये मिळतात.

दारूचं कलम पहिल्या आणि तिसऱ्या भागात स्पष्ट छापलेलं असतं. पहिल्या भागातल्या कलमाचा अर्थ असा : विमाधारक स्वतः, किंवा त्याच्या माहितीने आणि संमतीने गाडी चालवणारी कुणीही व्यक्ती, दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असताना झालेल्या नुकसानीची कंपनी जबाबदार नाही. यातली ‘माहितीने आणि संमतीने’ ही अट गाडी चालवण्याला लागू आहे, पिण्याला नाही. म्हणजे तुम्ही मित्राला लग्नाच्या वरातीनंतर गाडी दिलीत, तो प्यायला आहे याची तुम्हाला कल्पनाही नव्हती, तरी किल्ली तुम्हीच दिलीत एवढं कंपनीला पुरतं. पगारी ड्रायव्हरचंही तेच.

थर्ड पार्टीच्या भागात सामान्य माणसाची नजर जात नाही असं आणखी एक कलम असतं. त्याचा आशय असा, की मोटार वाहन कायद्यामुळे कंपनीला एखादी रक्कम भरावी लागली, पण एरवी पॉलिसीच्या अटींनुसार ती तिने भरायची नव्हती, तर विमाधारक ती रक्कम कंपनीला परत करील. हे तुम्ही पॉलिसी घेतानाच मान्य केलेलं असतं. पुढच्या सगळ्या वसुलीचं मूळ इथे आहे. पॉलिसीची पीडीएफ मोबाइलमध्ये असतेच. आज संध्याकाळी ही तीन कलमं शोधून वाचावीत, दहा मिनिटांचं काम आहे.

गाडीचं बिल

उदाहरण घेऊन पाहू. चौथं वर्ष चालू असलेली, बाराशे सीसीची हॅचबॅक. दुभाजकावर आदळून पुढचा भाग गेला. गॅरेजने २,४०,००० रुपयांचं एस्टिमेट दिलं : पत्र्याचे आणि इतर धातूचे भाग १,२०,०००, बंपर-एअरबॅग-प्लास्टिक ७०,०००, पुढची काच १०,०००, मजुरी २०,००० आणि रंगकाम २०,०००.

चालक शुद्धीत होता असं धरा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत घसारा कापला जातो. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, म्हणजे ३०,००० गेले. प्लास्टिक, रबर, एअरबॅग यांवर गाडीचं वय काहीही असलं तरी ५० टक्के, म्हणजे ३५,०००. काचेवर कपात नाही. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याच्या निम्मे, म्हणजे २,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीचे भरावे लागतात. एकूण ६८,५०० मालकाचे, १,७१,५०० कंपनीचे. झिरो डेप असेल तर मालकाचा वाटा आणखी बराच कमी होतो.

तोच अपघात, तीच गाडी, पण चालक प्यायलेला. मालकाचे २,४०,०००. कंपनीचे शून्य. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट यांसाठी जादा मोजलेला प्रीमियम इथे उपयोगाचा नसतो, कारण ही कवचं मूळ ओडी क्लेम मान्य झाला तरच चालतात. गाडी पार भंगारात गेली तर आयडीव्हीची, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीची रक्कमही नाही. बँकेचं कर्ज असेल तर त्याचे हप्ते मात्र चालूच राहतात. नसलेल्या गाडीचे हप्ते भरणारी माणसं आहेत.

कंपनी हे सिद्ध कसं करते

मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा मानतं. ‘मग दोन पेग चालतात ना?’ असं पुष्कळ जण विचारतात. त्याला उत्तर नाही. वजन, जेवण झालंय की नाही, किती वेळात प्यायलं, यावर ते प्रमाण बदलतं. पेग मोजून सुरक्षित राहायचा बेत करू नये.

अपघातानंतर पोलिसांनी श्वासाची चाचणी लवकरात लवकर, फार तर दोन तासांच्या आत करायची असते. मग रुग्णालयात रक्ताचा नमुना. रक्त काढण्याच्या पद्धतीचे नियम १९५९ पासूनचे आहेत आणि त्यातली एक बारीक गोष्ट माहीत असावी : सुई टोचायच्या जागी नेहमीसारखा स्पिरिटचा बोळा फिरवायचा नाही, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. नमुना गोठू नये आणि खराब होऊ नये म्हणून बाटलीत ठरावीक द्रव्यं घालून ती सील होते आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते. अहवालाला वेळ लागतो, आणि तोवर कंपनी क्लेम अडवून ठेवते.

आता या नमुन्याचं महत्त्व आणि त्यावरचा मोह, दोन्ही पुणेकरांनी जवळून पाहिले आहेत. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, आणि पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. त्यानंतर तरी कुणी ‘रिपोर्ट मॅनेज करू’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. एका अपघाताचे दोन गुन्हे होतात, दुसरं काही होत नाही.

चाचणी झालीच नाही तर कंपनी हरते, असाही एक समज आहे. तो सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०२१ ला मोडून काढला. इफको टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यातली गोष्ट अशी : डिसेंबर २००७, दिल्लीतलं इंडिया गेट, पहाटेची वेळ. पर्ल बेव्हरेजेसच्या मालकीची पोर्श फुटपाथवर आदळली, उलटली आणि पेटली. श्वासाची चाचणी नाही, रक्ताची नाही. होती ती डॉक्टरांची नोंद, चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत असल्याची. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने गाडीमालकाच्या बाजूने निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर एवढा भीषण अपघात झाला, तो कसा झाला याचं काही स्पष्टीकरण चालकाकडे नाही आणि तोंडाला दारूचा वास आहे, हे सगळं एकत्र पाहून कंपनीने आपलं म्हणणं सिद्ध केलं असं न्यायालयाने ठरवलं. सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीचीच, हे मात्र त्याच निकालाने पक्कं केलं. चाचणी झाली आणि तीत दारू नसल्याचं निघालं, तर कंपनीला हे कलम पुढे करता येणार नाही, हेही.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. तुम्ही प्यायला नसाल, तर चाचणी द्याच, आणि मागून घ्या. चाचणीला नकार देणं हे न्यायालयात तुमच्याच विरोधात जाऊ शकतं.

‘गाडी मीच चालवत होतो’

यावर थोडं थांबून लिहायला हवं, कारण रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला हा सल्ला हमखास मिळतो. कुणीतरी म्हणतं, दाद्या प्यायलेला नाही, त्याचं नाव सांगू. घरचा ड्रायव्हर झोपेतून उठवून आणला जातो. सगळ्यांना वाटतं, आपण घरातल्या माणसाला वाचवतोय.

क्लेम फॉर्ममध्ये चालकाचं नाव, लायसन्स नंबर आणि तो चालवत असताना अपघात कसा झाला हे लिहावं लागतं आणि खाली सही करावी लागते. सर्व्हेअर हा फॉर्म फिर्यादीशी, घटनास्थळ पंचनाम्याशी, रुग्णालयाच्या नोंदींशी ताडून पाहतो. स्टिअरिंगकडचा एअरबॅग उघडला आणि छाती दुखतेय दुसऱ्याची; सीट पुढे ओढलेली आहे आणि सांगितलेला चालक सहा फूट उंच; टोल नाक्याच्या कॅमेऱ्यात चेहरा तिसराच. शंका आली की कंपनी तपास अधिकारी नेमते. खोटं निघालं की क्लेम जातो तो दारूच्या कलमाने नव्हे, फसवणुकीच्या मुद्द्यावर, आणि तिथे भांडायलाही काही उरत नाही. ज्याने आपलं नाव दिलं त्याच्यावर खोटा पुरावा दिल्याचा गुन्हा येतो. तो बिचारा बहुतेक वेळा नोकरीला असलेला ड्रायव्हर असतो, ज्याला नाही म्हणता आलेलं नसतं. त्याच्या पोराबाळांचा विचार करून तरी हे करू नये.

समोरचा माणूस

१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला थर्ड पार्टीचा वर्षाचा प्रीमियम जून २०२२ पासूनच्या दराने ३,४१६ रुपये आहे, १००० सीसीपर्यंत २,०९४ आणि १५०० च्या पुढे ७,८९७, वर जीएसटी. या पैशांत मृत्यू आणि इजेपोटी कंपनी जी जबाबदारी घेते तिला कमाल मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खासगी गाडीसाठी साडेसात लाखांची मर्यादा असते. एवढ्या स्वस्तात एवढं मोठं संरक्षण दुसरं कुठलं नाही, आणि दारूमुळे मालक नेमकं तेच गमावतो.

भरपाई किती होते ते पाहा. ३४ वर्षांचा रंगारी, स्वतःची कामं घेणारा, महिन्याला २५,००० मिळवणारा. घरी बायको, दोन मुलं, आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांतल्या सूत्राने हिशेब करतं. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे : ३५,०००. वर्षाचे ४,२०,०००. चार जण अवलंबून असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा : ३,१५,०००. वयाच्या ३१ ते ३५ या गटाचा गुणक १६. म्हणजे ५०,४०,००० रुपये. पत्नी, मुलं, आई यांच्या वियोगापोटी आणि अंत्यविधी वगैरेपोटी आणखी दोन लाखांच्या वर. दावा दाखल केल्यापासून व्याज वेगळं. साडेसात टक्क्यांनी चार वर्षं धरली तर पंधरा-सोळा लाख. सगळं मिळून साधारण अडुसष्ट लाख.

शुद्धीतल्या चालकाकडून हा अपघात झाला असता, तर हे सारे पैसे कंपनीने भरले असते आणि मालकाचा संबंध तिथेच संपला असता. दारूच्या प्रकरणात न्यायाधिकरण बहुधा ‘आधी द्या, मग वसूल करा’ असा आदेश देतं. केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हेच केलं : चालक नशेत असला तरी जखमी त्रयस्थ व्यक्तीला कंपनीने पैसे द्यायचे आणि ते चालक-मालकाकडून वसूल करायचे. मला हा न्याय योग्य वाटतो. रस्त्याने चाललेल्या माणसाने कुणाच्या पॉलिसीतली कलमं वाचून चालायचं नसतं.

१ एप्रिल २०२२ पासून एक बदल झालाय तो ध्यानात ठेवावा. त्याआधी कंपनीच्या बचावाच्या कायदेशीर यादीत दारूचा उल्लेख नव्हता. आता मोटार वाहन कायद्याच्या १५० व्या कलमात तो आला आहे. त्यामुळे त्यानंतरच्या अपघातांत कंपनीचा वकील ‘आमची जबाबदारीच नाही’ हे अधिक जोर लावून मांडतो. अर्जदाराच्या वकिलाने आपल्या अर्जातच ‘आधी द्या, मग वसूल करा’ ही मागणी लेखी करून ठेवावी, तोंडी युक्तिवादावर सोडू नये.

वसुलीसाठी कंपनीला नवा दिवाणी दावा लावावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलंय की त्याच निवाड्याच्या अंमलबजावणीत ती मालकाविरुद्ध जाऊ शकते, आणि न्यायालय मालकाकडून तारण मागू शकतं, गाडी जप्त करू शकतं. कायद्याच्या १७४ व्या कलमानुसार न्यायाधिकरणाची रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. गावाकडे सातबारा असलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गाडीतली मंडळी आणि मालक स्वतः

मागे बसलेल्या मित्रांचं काय, हे पॉलिसीच्या प्रकारावर ठरतं. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे पॅकेज पॉलिसीत खासगी गाडीतले प्रवासी आणि दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती यांची जबाबदारी धरलेली असते. विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून ते स्पष्ट केलं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर मागे बसलेला मित्र त्रयस्थ ठरत नाही आणि त्याच्या घरच्यांना कंपनीकडून काही मिळणं अवघड असतं. मग त्यांच्यासमोर उरतो तो फक्त मालक, म्हणजे पुष्कळदा त्यांच्याच गल्लीतलं, रोज ऊठबस असलेलं घर. जुन्या गाडीची ओडी बंद करून फक्त थर्ड पार्टी चालू ठेवणाऱ्यांनी यावर विचार करावा.

मालक स्वतःच चालक असेल आणि दगावला, तर १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच दारूच्या कलमाने जातं. जीवन विम्याला जोडलेल्या अपघाती मृत्यूच्या रायडरमध्येही हे कलम सहसा असतं. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत मद्यसेवनाबद्दल काय लिहिलंय ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर पाहावं.

दंड, लायसन्स, गाडी

हे त्या मानाने छोटे आकडे. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्याला १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ही केस कोर्टात जाते, नाक्यावर पावती फाडून मिटत नाही. लायसन्स पोलीस जप्त करून आरटीओकडे पाठवतात. पहिल्यांदा तीन महिने अपात्रता, पुन्हा सापडला तर रद्द. कुणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत, आणि सदोष मनुष्यवधाचं १०५ वं कलम लागलं तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. आरटीओ निरीक्षकाची तपासणी झाल्यावर न्यायालयात अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर सोडवून घ्यावी. ‘केस संपल्यावर मिळेल’ असं कुणी सांगितलं तरी थांबू नये. गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलं आहे. टोइंग, वकील, गॅरेजमध्ये एस्टिमेट मंजूर होईपर्यंत रोज चढणारं पार्किंगचं भाडं, हे सारं या प्रकरणात मालकाच्याच खिशातून जातं. गॅरेजवाल्याकडून रोजचा दर आधी लिहून घ्यावा आणि कंपनी नकार देणार हे दिसू लागलं की गाडी तिथे उभी ठेवू नये.

नकार चुकीचा असेल तर

कधी कधी कंपनी नुसत्या संशयावरून नाकारते. रात्रीचा अपघात, हॉटेलचं बिल खिशात, की झालं. अशा वेळी नकाराचं कारण लेखी मागावं, कलमाच्या उल्लेखासह. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी. रुग्णालयाच्या नोंदीची आणि रक्ताच्या अहवालाची प्रत स्वतः मिळवावी. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. लोकपालाकडे कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत दोन वर्षं.

आपण प्यायलो होतो हे स्वतःला माहीत असताना या वाटेला जाऊ नये. वकिलाची फी वाढते, आणि पर्ल बेव्हरेजेसचा निकाल कंपनीच्या हातात तयार असतो.

ज्यांचं माणूस गेलं किंवा जखमी झालं, त्यांच्यासाठी

मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातानंतरच्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. चालक प्यायला होता की नाही याचा तिच्याशी संबंध नाही. योजनेतल्या रुग्णालयात दाखल करताना हे आवर्जून विचारावं.

पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तुमच्या हातात त्यांच्या प्रती यायला हव्यात. ठाण्यात जाऊन तपास अधिकाऱ्याकडे मागाव्यात. चालकाच्या रक्ताचा अहवाल त्यात आहे का, गाडीची पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती का आणि ती कुठल्या प्रकारची आहे, या तीन गोष्टी पहिल्यांदा पाहाव्यात. मृताच्या उत्पन्नाचा पुरावा आठवण ताजी असतानाच गोळा करावा. रंगाऱ्याच्या घरी पगाराची स्लिप नसते. पण बँकेत जमा झालेल्या रकमा, यूपीआयच्या नोंदी, ज्यांच्याकडे काम केलं त्यांची लेखी पत्रं, हे सगळं चालतं. वर दाखवलेल्या हिशेबात महिन्याचे २५,००० ऐवजी १५,००० धरले गेले, तर व्याज सोडून वीस लाखांहून जास्त फरक पडतो.

कंपनी किंवा मालकाचा माणूस घरी येऊन पाच-सहा लाखांत ‘मिटवून टाकू’ म्हणाला, तर कोऱ्या किंवा वाचता न येणाऱ्या कागदावर सही करू नये. निर्णय घाईने तेराव्याच्या आत घेऊ नये. कायद्यात भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, ती मनात ठेवून तारीख लिहून ठेवावी.

अर्ज अपघात झाला तिथेच करायला हवा असं नाही. मृत्यू मुंबई-पुणे रस्त्यावर झाला आणि घर लातूरला असलं, तर लातूरच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. दर तारखेला पुण्याला खेपा घालायची गरज नाही. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना फिर्यादीची प्रत, मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि मिळतील ते उत्पन्नाचे कागद बरोबर न्यावेत.